घरावर नोटीस लागली तर: तारण कर्ज, चढतं व्याज आणि ताबा जाण्याआधीचे दिवस

वारंगा फाटा म्हणजे नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळ या तीन बाजूंच्या रस्त्यांची गाठ. हमरस्ता रुंद झाला, जागेचे भाव चढले, आणि फाट्यावर हॉटेल, गॅरेज, टायर पंक्चर, मोबाईल शॉपी, वेल्डिंगची दुकानं वाढली. दुकान वाढवायचं, वर एक मजला चढवायचा, मुलीचं लग्न करायचं किंवा नांदेडला दवाखान्याचं बिल भरायचं, तर पैसा कुठून आणायचा? सोनं आधीच गहाण असतं. मग घराची कागदं बाहेर निघतात.

आमच्याकडे याच विषयावर वाचकांचे प्रश्न सारखे येतात. बहुतेक प्रश्न उशिरा येतात, म्हणजे दारावर नोटीस चिकटवल्यावर, कधी लिलावाची तारीख पेपरात आल्यावर. म्हणून ही माहिती एका ठिकाणी लिहून ठेवत आहोत. घर कायम वाचेलच असं आम्ही म्हणत नाही. पण कायद्याने दिलेले काही दिवस असतात, आणि ते दिवस माहीत नसल्यामुळेच अनेकांचे वाया जातात.

आधी व्याजाचा हिशेब

समजा, एका भावाने 8 लाख रुपये 16 टक्के वार्षिक व्याजाने 15 वर्षांसाठी घेतले. हप्ता बसतो साधारण 11,750 रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज किती? 10,667 रुपये. मुद्दल फक्त 1,083 रुपये कमी होते. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर खिशातून 4 लाख 23 हजार गेलेले असतात, आणि कर्ज उरलेलं असतं साडेसात लाख. पूर्ण 15 वर्षांत 21 लाख 15 हजार भरावे लागतात. "एवढं भरलं तरी कर्ज तेवढंच कसं?" हा प्रश्न आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. बहुतेक वेळा त्यात फसवणूक नसते, हप्त्याचं गणितच असं असतं. पण सही करताना ते कुणी समजावून सांगत नाही.

आपल्या भागात अजून एक अडचण आहे. हप्ता महिन्याला, कमाई हंगामाला. हळद उन्हाळ्यात निघते, सोयाबीन दिवाळीच्या आसपास. दुकानदाराची उधारीही तेव्हाच वसूल होते. मधले चार-पाच महिने हप्ता कुठून भरायचा? म्हणून कर्ज घेतानाच तिमाही किंवा सहामाही हप्ता मिळतो का ते विचारलं पाहिजे. शेतीच्या कर्जाला तशी सोय असते. घर तारण ठेवून दिलेल्या कर्जाला सहसा नसते.

थकल्यावर दंड लागतो. इथे एक नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने सांगितलं की हप्ता चुकला म्हणून दंडात्मक व्याज लावता येणार नाही, फक्त दंडात्मक शुल्क घेता येईल, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येणार नाही. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, जुन्या कर्जांना त्याच वर्षी जूनअखेरपर्यंत लागू करायचा होता. बँका, फायनान्स कंपन्या, गृहकर्ज कंपन्या, शहरी सहकारी बँका सगळ्यांना तो बंधनकारक आहे. म्हणून आधी खात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा. त्यात मुद्दल, व्याज, दंड, नोटीस खर्च, वकील फी हे वेगवेगळं दाखवलेलं असलं पाहिजे. दंडावर व्याज दिसलं, तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तोच.

1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जासोबत एक मुख्य माहिती पत्रक देणंही बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो, तो त्यात लिहिलेला असतो. एजंट तोंडी 12 टक्के सांगतो आणि पत्रकात 17 निघतात, तर पत्रक खरं.

कर्ज कुणाचं आहे, त्यावर सगळं ठरतं

घरावर येणारी प्रत्येक नोटीस एकाच कायद्याची नसते. पाकिटावरचं नाव आणि आतलं कलम आधी वाचा.

बँक असेल तर 2002 चा सरफेसी कायदा लागतो. या कायद्याने बँक कोर्टात दावा न लावता तारण घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकेला हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. तो मिटला आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 5 मे 2020 ला सांगितलं की सहकारी बँकाही या कायद्याखाली वसुली करू शकतात. "सहकारी बँक घर घेऊ शकत नाही" असं अजूनही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. त्यावर विसंबू नका.

गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांची मालमत्ता 100 कोटींच्या वर असेल तर त्यांनाही सरफेसी वापरता येतो. इतर फायनान्स कंपन्यांचं वेगळं आहे. कंपनीची मालमत्ता 100 कोटी किंवा जास्त आणि कर्जाची रक्कम 20 लाख किंवा जास्त असेल तरच त्यांना हा मार्ग आहे. त्याखालच्या रकमेला अशा कंपनीने सरफेसीची धमकी दिली तर कलम विचारा, लेखी विचारा. त्या बहुतेक लवादाकडे किंवा कोर्टात जातात. लवादाची नोटीस मुंबई, चेन्नईहून येते म्हणून फेकून देऊ नका. तुम्ही गेला नाहीत तरी निकाल होतो आणि तो इथल्या कोर्टात वसुलीला येतो.

पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतला जातो, मग संस्थेचा वसुली अधिकारी जप्ती आणतो. दाखला देण्याआधी निबंधक कार्यालयात सुनावणी असते. तिथे हजर राहून हिशेबावर हरकत घेतली नाही, तर पुढे कलम 154 खाली फेरतपासणी मागताना वसुलीच्या रकमेचे 50 टक्के आधी भरावे लागतात. म्हणून सुनावणीची तारीख चुकवणं महागात पडतं.

आणि सावकार असेल तर सगळंच वेगळं. त्यावर पुढे लिहिलं आहे.

सरफेसीचे दिवस मोजा

लागोपाठ 90 दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक होतं, लोक ज्याला एनपीए म्हणतात. त्यानंतर कलम 13(2) ची मागणी सूचना येते. तिच्यात 60 दिवस दिलेले असतात. या 60 दिवसांत बहुतेक घरांत काय होतं ते आम्हाला माहीत आहे. अब्बा नोटीस कपाटात ठेवतात, पोरांना सांगत नाहीत, अम्मीला तर मुळीच नाही. आणि पोस्टमन आला की घरात नाही म्हणून सांगतात. नोटीस न घेतल्याने ती थांबत नाही. दारावर चिकटवून आणि पेपरात छापून ती बजावली असं धरलं जातं.

त्याऐवजी कलम 13(3अ) वापरा. लेखी हरकत द्या: रक्कम चुकली, भरलेले हप्ते जमा नाहीत, दंडावर व्याज लावलं, आजारपण होतं, एवढे पैसे अमुक तारखेला भरतो. बँकेने 15 दिवसांत कारणासह उत्तर दिलंच पाहिजे. हरकत स्पीड पोस्टाने पाठवा किंवा शाखेत देऊन पोच घ्या. मॅनेजरशी झालेलं तोंडी बोलणं पुढे कामाला येत नाही, आणि मॅनेजर बदलून जातात.

60 दिवस संपले की कलम 13(4) ची ताबा सूचना. ती दारावर लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा सांकेतिक ताबा. घरातून कुणी बाहेर काढत नाही, पण गावभर नाव होतं. याच वेळी लोक खचतात. खरं तर इथून 45 दिवसांची घड्याळ सुरू होते. या मुदतीत कलम 17 खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे अर्ज करता येतो. हिंगोली जिल्ह्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. कर्ज 10 लाखांच्या आत असेल तर कर्जदाराला दर लाखामागे 500 रुपये फी, म्हणजे 8 लाखांवर 4,000 रुपये. पूर्वी असा अर्ज करायला मागणीच्या 75 टक्के रक्कम भरावी लागायची. सुप्रीम कोर्टाने मार्डिया केमिकल्सच्या निकालात 2004 मध्ये ती अट रद्द केली. मात्र डीआरटीत हरून मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात जायचं तर 50 टक्के भरावे लागतात, फार तर ते 25 टक्क्यांपर्यंत कमी होतात.

कळमनुरी किंवा हिंगोलीच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकुमाचा दावा लावतो असं कुणी सांगितलं तर आधी कलम 34 विचारा. सरफेसीच्या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकार नाही. अशा दाव्यात फी जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते 45 दिवस जातात.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यांनी 30 दिवसांत, कारण लिहून फार तर 60 दिवसांत, आदेश द्यायचा असतो. मग महसूलचे लोक आणि पोलीस येतात. इथे कुलूप लागतं. आदेश नसताना वसुलीवाले येऊन कुलूप लावू लागले तर ते बेकायदा आहे, सरळ पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं. त्याचा टोल फ्री नंबर 14448.

लिलावाच्या आधी 30 दिवसांची विक्री सूचना लागते. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवायची असते. ती फाट्यावरच्या आजच्या भावापेक्षा फार कमी वाटली तर शेजारच्या जागांची नोंदणीकृत खरेदीखतं काढून लेखी हरकत घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण रक्कम भरून घर सोडवायचा हक्क कधीपर्यंत? 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे पक्कं केलं. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, मामू देणार आहेत" हा जुना हिशेब आता चालत नाही. मामूकडून पैसे आणायचे तर पेपरात जाहिरात येण्याआधी आणा.

लिलावात कर्जापेक्षा जास्त रक्कम आली तर उरलेले पैसे तुमचे, ते मागून घ्या. कमी आली तर उरलेली थकबाकी वसूल करायचा हक्क बँकेला राहतो. घर गेलं म्हणजे कर्ज संपलं असं नाही.

काय वगळलं आहे

एक लाखापर्यंतच्या तारणाला सरफेसी लागत नाही. बाकी रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल तरी लागत नाही. म्हातारपणी शेवटचे हप्ते थकलेल्यांना हे उपयोगी आहे. शेतजमिनीलाही लागत नाही. मात्र सातबारावर शेती आणि जागेवर दोन मजली घर, दुकान असेल तर कोर्ट प्रत्यक्ष वापर बघतं. फाट्याजवळ एनए न करता बांधलेली घरं भरपूर आहेत, त्यांनी या सवलतीवर भरवसा ठेवू नये.

ज्यांनी घर तारण दिलेलंच नाही, नुसता हातउसना किंवा साधा कर्जाचा दावा आहे, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे शेतकरी, मजूर किंवा घरकाम करणारा स्वतः राहत असलेलं त्याचं घर अशा वसुलीत जप्त होत नाही. घर गहाण ठेवलं की हे संरक्षण गेलं. सही करण्याआधी एवढं एक वाक्य आठवलं तरी पुष्कळ.

वारसांची घरं आणि सह्या

आपल्या घरांत हा पेच नेहमीचा आहे. वडील वारले, घर त्यांच्याच नावावर, नमुना 8 ला मोठ्या भावाचं नाव लागलं, आणि त्याने कर्ज काढलं. नमुना 8 हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. मुस्लिम वारसा कायद्यात वडिलांचा इंतकाल होताच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. आई, बहिणी, भाऊ सगळ्यांचा. मोठा भाऊ फक्त आपला हिस्सा गहाण टाकू शकतो. बहिणीने सही केली नसेल, हक्कसोड दिली नसेल, तर तिचा हिस्सा त्या कर्जात बांधला जात नाही, आणि ती स्वतः डीआरटीत अर्ज करू शकते. पण "इथे सही कर, बँकेचं काम आहे" म्हणून तिने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर नंतर माहीत नव्हतं म्हणणं टिकणं कठीण. बहिणीला वाचून दाखवल्याशिवाय सही घेणाऱ्या भावाबद्दल आमचं मत चांगलं नाही.

उलट बाजूही आहे. कर्ज वडिलांनीच काढलं होतं तर वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं, हे शरियतही सांगते आणि कायदाही. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून भरायची सक्ती नाही. विधवेचा बाकी मेहर हेही कर्जच, पण ते विनातारण, त्यामुळे बँकेचं तारण आधी येतं.

कर्जदार वारला असेल तर सगळ्यात आधी कर्जाची फाईल काढा आणि कर्जविमा होता का बघा. अनेक गृहकर्जांत विम्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. विमा असेल तर हप्ते भरत बसण्याआधी दावा दाखल करा.

सावकाराकडे लिहून दिलेलं घर

बँकेने नाकारलं की माणूस सावकाराकडे जातो. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच, वर्षाला 60 टक्के. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली परवानाधारक सावकाराला ठरवून दिलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना तारणावर 15 आणि विनातारण 18 टक्के, वर्षाला. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही वसूल करता येत नाही, ज्याला जुने लोक दामदुपट म्हणतात. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात कोर्टं दामदुपटीचा फायदा हिंदू ऋणकोलाच द्यायची, कारण तो हिंदू कायद्याचा नियम मानला जायचा. मुसलमान ऋणकोला तो मिळत नसे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. आजचा सावकारी कायदा असा भेद करत नाही.

सावकार गहाणखत क्वचितच करतो. तो सरळ खरेदीखत करून घेतो आणि तोंडी सांगतो, पैसे दिले की परत करून देतो. सोबत कोरे चेक, कोरे स्टॅम्प. अशा घरांसाठी कलम 18 आहे. स्थावर मालमत्ता सावकारी व्यवहारातून सावकाराच्या ताब्यात गेली असेल आणि त्याला 15 वर्षं झाली नसतील, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर ते खरेदीखत रद्द ठरवून मालमत्ता मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश होऊ शकतो. पुरावा म्हणून फोन पे चे व्यवहार, व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, घर अजून तुमच्याच ताब्यात असल्याचं लाईट बिल, त्याच सावकाराची इतर लोकांशी झालेली तशीच खरेदीखतं जपून ठेवा. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

सावकार आपल्याच जमातीतला, रोज मस्जिदीत भेटणारा असेल तर लोक तक्रार करत नाहीत. कायद्याने त्याला वेगळी सूट दिलेली नाही.

वाटाघाट

व्याज हराम आहे म्हणून हप्ता थांबवला, असंही काहीजण आम्हाला सांगतात. नियत काहीही असो, कोर्टात हा बचाव होत नाही आणि थकबाकी वाढत जाते. त्यातून बाहेर पडायचं तर लवकर फेडणं हा मार्ग. बदलत्या दराचं कर्ज वैयक्तिक, बिगर व्यवसायाच्या कारणासाठी असेल तर मुदतीआधी फेडण्यावर दंड लागत नाही. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी हे सूरह बकरामध्ये आहे, आणि जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेलेही येतात. कुणाला किती द्यायचं हे आलिमांना विचारून ठरवावं. पण गरजू भावाचं घर 40-50 हजारांच्या थकबाकीवर अडलं असेल, तर रमजानपर्यंत थांबण्यापेक्षा 60 दिवसांच्या मुदतीत तो पैसा पोचला पाहिजे.

बँकेशी बोलताना थकबाकी भरून खातं नियमित करायचं की एकरकमी तडजोड, हे आधी ठरवा. तडजोडीत व्याज-दंडात सूट मिळू शकते, पण ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम भरावी लागते. एक दिवस चुकला की तडजोड रद्द आणि जुनी रक्कम पुन्हा उभी. म्हणून पैसा हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. लोक अदालतीत बँकांची दावापूर्व प्रकरणं घेतली जातात. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे आकडा पटला तरच सही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाईन 15100. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कर्जात सहकर्जदार म्हणून अम्मी किंवा बेगमचं नाव असतंच, तेव्हा अर्ज त्यांच्या नावाने करता येतो.

पूर्ण रक्कम भरली की बेबाकी प्रमाणपत्र घ्या. 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे, मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. ते प्रमाणपत्र घेऊन ग्रामपंचायतीत नमुना 8 वरचा आणि सातबारा असेल तर तलाठ्याकडून त्यावरचा बोजा कमी करून घ्या, आणि बोजा उतरलेला नवा उतारा हातात आल्याशिवाय फाईल बंद करू नका.